विटेचे पापड

गवंड्याच्या घरी दोन गोष्टी आपोआप साचतात. एक विटांचे तुकडे, दुसरे किस्से. तुकडे कोणाच्या तरी फरशीखाली भराव म्हणून निघून जातात. किस्से मात्र जात नाहीत, एक सांगावा तर त्याला चिकटून दुसरे चार बाहेर येतात! माझी शाळा चौथीपर्यंत, तीही गुरुजी कंटाळले म्हणून. तेव्हा लिहिताना कुठं घसरलो तर सांभाळून घ्या. बोलताना मी घसरत नाही, हे अकोल्याच्या जुन्या शहरात कोणालेही विचारा.

आमची बैठक रहीमचाचाच्या अड्ड्यावर. चाचाची वीटभट्टी मोर्णा नदीच्या पल्याड, अन् विकायचा अड्डा जुन्या शहरात. समोरच प्रमोदभाऊचं टाइल्सचं दुकान. मधल्या रस्त्यावर मी, म्हणजे ज्याच्याकडून चहा येईल त्याच्या बाजूचा.

त्या वर्षी प्रमोदनं नवीन माल आणला. दिसायला वीट, पण जाडी बोटाएवढी. भिंत कशाचीही असो, वरून ही पट्टी सिमेंटनं चिकटवली की घर विटेचं दिसते. प्रमोद त्याला ‘क्लॅडिंग’ म्हणे. चाचानं एक पट्टी हातात घेतली, उजेडात धरली, अन् गंभीर तोंडानं विचारलं, "प्रमोद, हा पापड तळून देतं का भाजून?"

बस! त्या दिवसापासून अकोल्यात त्या मालाला क्लॅडिंग म्हणणारा एकटा प्रमोदच राहिला.

प्रमोदही काही कमी नाही. "चाचा, तुमची वीट म्हणजे लुगड्याच्या आत लुगडं. दिसते एवढीशी कड, बाकीची सारी भिंतीत गडप! लोकायले दिसाले पाहिजे तेवढंच लावा ना."

"अन् भिंत उभी कशावर राहीन? तुह्या फॅशनवर?"

हे भांडण मजेत चाललं होतं. मग एक दिवस शामराव आले, अन् त्यातली मजा गेली.

* * *

शामराव म्हणजे अकोटच्या वाटेवरच्या एका खेड्यातले कास्तकार. माणूस सरळ, वावर काळंभोर, पोरगा गणेश एकुलता एक. अन् गणेशचं लग्न जमत नव्हतं.

ती वर्षंच तशी होती. सकाळी पेपर उघडायची भीती वाटे. कास्तकाराच्या घरी पोरगी द्यायची म्हटलं की लोक आधी दहा वेळा विचार करत, अन् मग नाही म्हणत. शिपाई चालेल, कंडक्टर चालेल, वावरवाला नको! गणेशला पाहायला आलेली मंडळी अंगणातूनच घराकडं पाहात. समोरची भिंत मातीची, पोपडे निघालेली. चहा पीत, अन् ‘कळवतो’ म्हणून जात. त्यातल्या एकानंही काही कळवलं नाही.

शेंदूरजनाघाटचं एक स्थळ आलं होतं. संत्र्याचे बगीचेवाले. ते लोक उन्हाळा संपायच्या आत घर पाहायला येणार होते.

शामराव अड्ड्यावर बसले अन् टोपी काढून हातात फिरवायला लागले. "मिस्त्री, आतलं घर राहू द्या. समोरचं तोंड तेवढं विटेचं करून द्या. पूर्ण वीट लावू का ते पापड लावू, तुमीच सांगा. मले तं रात्रंदिवस तेच दिसून राहिलं."

चाचा म्हणाला, "वीट." प्रमोद म्हणाला, "पापड." मी म्हणालो, "तंबाखू." कारण माझी संपली होती!

शामराव हसले नाहीत. तेव्हा मला कळलं, मामला सिरियस आहे.

* * *

प्रमोदनं दुकानासमोर एक सॅम्पल भिंत उभी केली. अर्धी खऱ्या विटेची, अर्धी पापडाची. "ओळखून दाखवा चाचा, कोणती तुमची!"

चाचानं हात फिरवला, नखानं खरवडलं. मग डोळे मिटले अन् भर रस्त्यात भिंतीला जीभ लावली! भट्टीवाल्यांची ही जुनी रीत. चांगली भाजलेली वीट जीभ धरून ठेवते.

"हे माही," चाचा म्हणाला. मग दुसऱ्या अर्ध्याला जीभ लावली. तिथंही चिकटली. चाचाचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"पापडही मातीचाच हाय चाचा," प्रमोद खुशीत म्हणाला.

एवढ्यात आम्हाला मागून चपचप असा आवाज आला. वळून पाहतो तो शामराव! काळजीनं माणूस काय काय करतो. एकदा या अर्ध्याला, एकदा त्या अर्ध्याला जीभ लावून पाहून राहिले होते.

"काय म्हणते भिंत?" मी विचारलं.

"मले तं दोन्ही खारट लागून राहिल्या."

"शामराव, ते भिंतीचं नाही, तुमच्या जिभेचं हाय!" चाचा म्हणाला. "जन्मभर तुमच्या गावचं पाणी पेले!"

ते खरंच. शामरावांचं गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी असं, की वरणात मीठ टाकताना बायका हात आखडता घेतात.

* * *

शेवटी शामरावांनी ठरवलं, पूर्ण वीट. चाचानं मिशीवर ताव दिला. जागा पाहायला आम्ही तिघंही गेलो. म्हणजे चाचा वीट द्यायला, मी पाया मोजायला, अन् प्रमोद चाचाची फजिती व्हावी या आशेनं.

उन्हाळ्यात आमची काळी माती कशी होते, ठाऊक आहे ना? भेगा अशा, की कोंबडीचं पिल्लू पडलं तर वरून दाणे टाकून जगवावं लागते. मी घराच्या कोपऱ्याला ओळंबा सोडला. दोरी हातातून सुटली, अन् ओळंबा पितळेचा, माझ्या बापाच्या हातचा, पायाजवळच्या भेगेत गेला! टण... टण... अन् मग आवाजच नाही.

मी पालथा पडून खांद्यापर्यंत हात घातला. प्रमोदनं माझे पाय धरले. चाचा वरून सूचना देत होता. तेवढ्यात शामरावांच्या घरून, म्हणजे आमच्या शांतावहिनी, पदर सावरत आल्या अन् वाकून म्हणाल्या, "मिस्त्री, हात घातलाच हाय तं थोडं डाव्या बाजूले पाहजा. मागच्या साली माही पळी गेली याच भेगेत."

पळी सापडली! ओळंबा आजही तिथंच आहे.

चाचा मात्र हसला नाही. उकिडवा बसून ती भेग पाहायला लागला. पावसाळ्यात हीच माती फुगते, घर उचलते, अन् उन्हाळ्यात सोडून देते. त्यावर एवढ्या वजनाची भिंत उभी करायची तर पाया मुरमापर्यंत न्यावा लागेल. तेवढा वेळ कुठं होता? पाहुणे उन्हाळ्यातच येणार.

"शामराव," चाचा टोपी नीट करत म्हणाला, "मी तुमाले वीट देत नाही."

"काहून चाचा? मह्याकून काही चुकलं का?"

"पयल्याच पावसात भिंत फाटन, अन् सून घरात पाय ठेवाच्या आधी वापस जाईन. पापडच लावा."

प्रमोद तर नाचायलाच लागला. चाचानं त्याला तिथंच थांबवलं. "पापड लावतीन, पण माह्या विटेचे! तुह्याकडं फरशी कापाची मशीन हाय ना? माही वीट कापून दे."

असा तह झाला. मशीनचं पातं विटेतून जाताना चाचा तोंड फिरवून बसायचा. जणू पोराचं इंजेक्शन पाहवत नाही!

* * *

फिटिंग माझं. आधी माती खरवडून जाळी ठोकली, प्लास्टर केलं, अन् त्यावर एकेक पापड. गणेश दिवसभर मागं उभा. पोट्टा बोलायला कमी, पण त्याचे डोळे प्रत्येक पट्टीवर. सकाळी मी पोचायच्या आधी तो प्रत्येक पापडावर अंगठा दाबून पाहून घ्यायचा.

मला अशा माणसाची गंमत केल्याशिवाय राहवत नाही. मी हळूच म्हणालो, "गणेश, सिमेंट पिकेपर्यंत एक पथ्य हाय. जोरात दार लावाचं नाही, जोरात खोकलाचं नाही. पापड दचकतो!"

बोलून मी विसरलो. दुसऱ्या दिवशी पाहतो तो घरात चिडीचूप. वहिनी कुजबुजत भाकरी थापत होत्या. शामराव खोकला आला की उठून तडक वावरात जात, खोकून वापस येत. शेजारचा बंडू ट्रॅक्टर दोनशे पावलं आधी बंद करून ढकलत घरी नेऊन राहिला!

मला वाटलं, सांगून टाकावं. पण गणेशच्या आईनं माझ्यासमोर चहा ठेवला, तो असा हळू, की कपाचा अन् बशीचा आवाजही झाला नाही. मग माझ्यानं सांगवलं नाही. मीही हळूच फुंकर मारून प्यालो.

* * *

काम झालं. काय दिसत होतं घर! लालबुंद, रेघा सुतात. शामराव रस्त्यापलीकडं जाऊन पाहात, मग दुसऱ्या बाजूनं जाऊन पाहात. मी अकोल्याला आलो, पाय लांब करून झोपलो.

चार दिवसांनी गणेश सायकलवर दारात. अकोल्यापर्यंत सायकल हाणत आला होता! "मिस्त्रीकाका, घर पांढरं होऊन राहिलं."

जाऊन पाहतो तर खरंच. साऱ्या भिंतीवर पीठ उडाल्यासारखा थर. मी पाणी मारायला सांगितलं होतं, म्हणजे टँकरचं गोडं पाणी. वहिनींनी पोराच्या लग्नाच्या घाईत दोन्ही वेळा विहिरीचं मारलं, अन् तेही मन लावून! पाणी सुकलं, मीठ बाहेर आलं.

घासलं, परत आलं. वहिनींनी तांब्याच्या भांड्याला लावतात तशी चिंच लावली. मीठ गेलं नाही, मुंगळे मात्र आले. अन् पाहुण्यांचा निरोप आला, परवा येतो.

रात्री मी त्यांच्याच ओट्यावर झोपलो, अन् सकाळी शामरावांनी मला हलवून उठवलं. "मिस्त्री, उठा. भिंत लाल झाली."

"कशानं?"

"तुमीच पाहा."

अंगणात बंडूच्या साऱ्या बकऱ्या एका ओळीत भिंतीला तोंड लावून उभ्या! मिठावर बकरी कशी तुटून पडते, हे मी सांगायला नको. चाटून चाटून भिंत लख्ख केली होती. पण बकरीचं तोंड पोचते तिथपर्यंतच! खाली लाल, वर पांढरं. जसा घराला कोणी पायजमा चढवला!

चाचा अन् प्रमोद तोवर अकोल्याहून आले होते. चाचानं भिंत खालून वर न्याहाळली, अन् म्हणाला, "आता उंट आणावा लागते."

शामराव ओट्यावर बसले होते, दोन्ही हात डोक्याला. गणेश भिंतीकडं पाठ करून उभा होता.

मी म्हणालो, "कोरड्या ब्रशनं झाडतो. पण नंतर एकदा धुवाले लागन, अन् तेही गोड्या पाण्यानं. लय लागन."

आता गोडं पाणी त्या गावात म्हणजे काय, हे तिथं राहिल्याशिवाय समजायचं नाही. टँकर येईल तेव्हा येईल. पोराला ताप आला तर ज्या घरात गोडं पाणी शिल्लक त्या घरी जाऊन मागतात. शामरावांनी कोणाला मागितलं नाही. त्यांच्या तोंडून ते निघालंच नसतं.

दुपारी पहिली आली बंडूची म्हातारी माय. डोक्यावर पितळेचा गुंड, काठोकाठ. मग दुसरी बाई आली. मग रांगच! कोणी बादली, कोणी कळशी. भिंत धुवायला गावानं पिण्याचं पाणी दिलं. वहिनींना रडू आवरेना, तर बंडूची माय खेकसली, "रडू नको वं, ते पाणीही खारटच रायते! लग्नात बुंदी पोटभर पाहिजे, सांगून ठेवतो."

* * *

पाहुणे आले. पोरीचे वडील, नानाजी. पांढरे कपडे, कमी बोलणं, नजर अशी, की बगीच्यात उभ्या उभ्या झाडावरची संत्री मोजून घेईल. सोबत पोरीचे काका अन् मामा. मी, चाचा अन् प्रमोद घरचेच असल्यासारखे धुतलेले कपडे घालून ओट्यावर.

नानाजींनी घर बाहेरून पाहिलं. आतून पाहिलं. वावराचं विचारलं, पाण्याचं विचारलं. गणेशला विचारलं, "शेतीच कराची हाय का?"

गणेश खाली पाहात म्हणाला, "दुसरं येतच नाही."

शामरावांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. नानाजींनी पोहे खाल्ले, चहा घेतला, अन् उठले.

बाकीचे जीपकडं निघाले. नानाजी मागं राहिले, चपला घालायला. एक पाय उचलला, तोल सांभाळायला दाराशेजारच्या भिंतीवर हात टेकवला, अन् काय सांगू! त्यांच्या हाताखालचा पापड सुटला. सरळ तळव्यात आला. एक कोपरा उडाला, तेवढाच काय तो आवाज.

पाहणारा मी एकटा. नानाजींनी तो पापड समोरून पाहिला, मागून पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं. मी दात काढले, दुसरं काय करणार! नानाजींनी पापड सदऱ्याच्या खिशात घातला, दुसरी चप्पल घातली, अन् "येतो" म्हणून जीपमध्ये जाऊन बसले.

जीप दिसेनाशी होईपर्यंत मी त्या खिंडाराला पाठ लावून उभा होतो. शामराव म्हणाले, "मिस्त्री, तुमाले घाम काहून आला?" मी म्हणालो, "पोहे तिखट होते."

कोणालाच सांगितलं नाही. चाचालाही नाही. दुसरा पापड लावून टाकला. अन् रोज अड्ड्यावर बसून वाट पाहात होतो, की कधी शामराव येतील अन् म्हणतील, नकार आला, तुमचा पापड पुराव्याला पाठवला! जेवण जात नव्हतं. प्रमोद म्हणे, "मिस्त्री, तुमच्या पोराचं लग्न हाय का?"

बऱ्याच दिवसांनी निरोप आला. होकार नाही, नकार नाही. तुमीही आमचं घर पाहून जा, मग बोलू.

शेंदूरजनाघाटला शामराव, वहिनी, गणेश, चाचा, प्रमोद अन् मी. रस्त्यानं शामरावांचं एकच, "मिस्त्री, मोठे लोक हायेत. सांभाळून बोलजा."

घर समोर आलं अन् सारे पाहातच राहिले. जमिनीपासून छतापर्यंत विटाच विटा! शामराव माझ्या कानाशी आले. "हे पाहा. यायनं पूर्ण वीट लावली. आपलं काय खरं नाही आता."

चाचाही छाती पुढं करून म्हणाला, "याले म्हणतात काम!"

हात जोडले, रामराम झाले, मंडळी आत गेली. माझी चप्पल नवी, तिचा पट्टा निघता निघेना. मी दाराशी एका पायावर नाचत होतो. आधाराला भिंतीकडं हात नेला, अन् नेता नेता नजर गेली.

दाराशेजारी, छातीच्या उंचीवर, एक वीट बाकीच्यांहून जरा काळसर. एक कोपरा उडालेला. भोवतालचं सिमेंट ओलंच.

मी हात तसाच हवेत धरून उभा राहिलो.

आतून नानाजी आले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं. मग माझा हात धरून हळूच बाजूला केला, अन् मला आत नेता नेता कानाशी म्हणाले, "मिस्त्री, तिथं टेकू नका. लग्नापर्यंत टिकाले पाहिजे तो."